थंड वर्टला हवा कशी द्यावी: घरी बिअर करणाऱ्यांसाठी सुरक्षित पद्धती

माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड अर्क, म्हणजेच वर्ट, हॉप्ससह (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांसह) तासभर उकळला की त्यातील जंतू मरतात, काही नकोसे वास वाफेबरोबर उडून जातात आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजनही जवळजवळ पूर्णपणे निघून जातो. यीस्टला मात्र कामाच्या सुरुवातीला नेमका तोच लागतो. म्हणून वर्ट थंड झाल्यावर आणि आंबण्याची क्रिया जोर धरण्यापूर्वी त्यात मुद्दाम हवा किंवा शुद्ध ऑक्सिजन मिसळावा लागतो. ही पायरी फार तर अर्ध्या तासाची आहे, पण जपण्यासारख्या बऱ्याच गोष्टी तिच्यात एकत्र येतात: वीस-पंचवीस किलोंचे ओले भांडे, काच, वीज, दाबाखालचा वायू आणि कोणत्याही जंतूला मेजवानी वाटावी असा साखरेचा अर्क. त्यामुळे येथे सुरक्षितता म्हणजे करणाऱ्या माणसाची आणि होणाऱ्या बिअरची, अशी दोन्ही अर्थांनी घ्यावी.

पुढील विवेचन ५ गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर, वर्ट समोर ठेवून केले आहे, कारण अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्यांचे बहुतेक साहित्य याच मापाचे मिळते. तेथे १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे १ फेब्रुवारी १९७९ पासून स्वतःच्या वापरासाठी केलेली बिअर केंद्रीय करातून मुक्त झाली. एक प्रौढ असलेल्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन अशी मर्यादा आहे, आणि ही बिअर विकता येत नाही. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ साली परवानगी दिली. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू असून परवान्याशिवाय घरी बिअर तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख मुख्यतः जेथे कायदा परवानगी देतो अशा देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे.

यीस्टला ऑक्सिजन कशासाठी लागतो

यीस्ट साखरेपासून अल्कोहोल तयार करते ती क्रिया हवेशिवाय चालते. तरीही त्याला आरंभी ऑक्सिजन का लागतो, याचे उत्तर पेशीच्या आवरणात आहे. यीस्टची एक पेशी आंबण्याच्या काळात अनेकदा विभागते आणि प्रत्येक नव्या पेशीला स्वतःचे आवरण तयार करावे लागते. ते आवरण लवचीक राहण्यासाठी एर्गोस्टेरॉल हा स्टेरॉल आणि असंपृक्त मेदाम्ले लागतात, आणि हे दोन्ही पदार्थ तयार करण्यासाठी यीस्टला ऑक्सिजनचे रेणू हवे असतात. १९५३ आणि १९५४ साली आंद्रेआसन आणि स्टीअर या संशोधकांनी दाखवून दिले की हवा पूर्णपणे वर्ज्य केली तर यीस्टची वाढ थांबते, आणि एर्गोस्टेरॉल व असंपृक्त मेदाम्ले बाहेरून पुरवली तर ती पुन्हा सुरू होते. म्हणजे ऑक्सिजन हा येथे इंधन नसून बांधकामाचा कच्चा माल आहे.

हा कच्चा माल कमी पडला तर पहिल्या एक-दोन पिढ्यांतील पेशी ठीक असतात, पण पुढच्या पिढ्यांचे आवरण दुबळे राहते आणि अल्कोहोल वाढू लागताच त्या थकतात. परिणामी आंबणे उशिरा सुरू होते, शेवटी रेंगाळते किंवा मध्येच थांबते, बिअर अपेक्षेपेक्षा गोड राहते आणि फळांसारखे वास प्रमाणाबाहेर वाढतात. तळाशी बसलेले यीस्ट पुढच्या खेपेला वापरायचे असेल तर तेही अशक्तच मिळते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो आधीच सांगितलेला बरा. पाकिटातले कोरडे यीस्ट कारखान्यात भरपूर हवा देऊन वाढवलेले असते आणि त्याच्या पेशींत स्टेरॉलचा साठा आधीच भरलेला असतो. फर्मेंटिस आणि लालेमांड या दोन्ही मोठ्या उत्पादकांचे म्हणणे असे आहे की त्यांचे कोरडे यीस्ट पहिल्यांदा वापरताना वर्टला हवा देण्याची गरज नाही. साधी पेल एल (सामान्य तापमानाला आंबवलेली फिकट बिअर) करणाऱ्या नवशिक्याने ताजे कोरडे यीस्ट पुरेशा प्रमाणात घेतले, तर वर्ट बादलीत ओतताना जेवढी हवा मिसळते तेवढी त्याला पुरते. मला विचाराल तर पहिली काही वर्षे याच मार्गाने जावे आणि पुढची उपकरणे द्रव यीस्टकडे वळल्यावरच विकत घ्यावीत.

किती ऑक्सिजन पुरे

गुरुत्व म्हणजे पाण्याच्या तुलनेत वर्टची घनता; साखर जितकी जास्त तितका हा आकडा मोठा. साधारण १.०५० गुरुत्वाच्या एलसाठी लिटरमागे ८ मिलिग्रॅम, म्हणजेच ८ पीपीएम, विरघळलेला ऑक्सिजन हे चांगले लक्ष्य मानतात. गुरुत्व १.०६५ च्या वर गेले किंवा लागर (थंड तापमानाला आंबवलेली बिअर) करायची असेल तर १० ते १२ पीपीएम हवा. १.०८३ च्या पुढच्या जड बिअरना त्याहूनही थोडा जास्त लागतो.

आता निसर्गाने घातलेली मर्यादा पाहू. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, त्यामुळे हवा कितीही वेळ मिसळली तरी २० अंश सेल्सियसच्या वर्टमध्ये साधारण ८ पीपीएमच्या वर ऑक्सिजन जात नाही. वर्ट जितका गोड तितकी ही मर्यादा खाली येते, आणि जितका थंड तितकी वर जाते. समुद्रसपाटीपासूनची उंचीही यात भाग घेते: डेन्व्हर सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे, तेथे हवेचा दाब कमी असल्यामुळे हीच मर्यादा साडेसहा पीपीएमच्या आसपास येते. याचा एक दिलासा असा की साध्या हवेने अतिरेक होऊच शकत नाही. अतिरेकाची शक्यता केवळ शुद्ध ऑक्सिजनच्या सिलिंडरबरोबर येते.

एक हिशेब येथे मांडण्यासारखा आहे. १९ लिटर वर्टला ८ पीपीएमने एकूण १५० मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन लागतो. बादलीत वर्टच्या वर ५ लिटर जागा रिकामी असेल, तर तेवढ्या हवेतच सुमारे १४०० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. म्हणजे हवेचा तुटवडा कधीच नसतो. अडचण असते ती हवा आणि द्रव यांचा संपर्क वाढवण्याची. ओतणे, हलवणे, घुसळणे, बुडबुडे सोडणे या सगळ्या पद्धती शेवटी हा संपर्काचा पृष्ठभाग वाढवण्याचेच काम करतात. बुडबुडा जितका बारीक आणि जितका जास्त वेळ द्रवात राहील तितके काम चांगले.

हवा देण्यापूर्वी: थंड करणे आणि निर्जंतुकीकरण

वर्ट २७ अंशांच्या खाली येईपर्यंत त्यात हवा मिसळू नये, आणि शक्यतो यीस्ट टाकायच्या तापमानापर्यंत, म्हणजे एलसाठी १८ ते २० अंशांपर्यंत, तो थंड करावा. गरम वर्टमध्ये ऑक्सिजन विरघळतो कमी आणि त्यातील घटकांशी रासायनिक क्रिया जास्त करतो. त्यामुळे रंग गडद होतो आणि पुढे बिअर लवकर शिळी होण्याची भीती असते. घरगुती प्रमाणावर हे नुकसान किती होते याबद्दल जुन्याजाणत्या मंडळींत मतभेद आहेत, पण या नियमाचे दुसरे कारण वादातीत आहे: ऐंशी अंशांचा साखरेचा अर्क हातावर उडाला तर तो साध्या गरम पाण्यापेक्षा अधिक वेळ चिकटून राहतो आणि खोलवर भाजतो. गरम वर्ट उंचावरून ओतणे, हलवणे किंवा त्यात ड्रिल घालणे हे कोणत्याही परिस्थितीत करू नये.

उकळणे थांबल्यानंतर वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक केलेली असली पाहिजे. यासाठी आधी ती डोळ्यांना स्वच्छ दिसेपर्यंत धुवावी लागते, कारण मळावर कोणतेही जंतुनाशक नीट काम करत नाही. स्टार सॅनसारखे आम्लयुक्त द्रावण १९ लिटर पाण्याला ३० मिलिलिटर या प्रमाणात करतात. त्याने वस्तू एक-दोन मिनिटे ओली राहिली की पुरे, आणि नंतर ती पाण्याने विसळावी लागत नाही. मूळ द्रव तीव्र आम्ल आहे, म्हणून तो मापताना हातमोजे व चष्मा घालावा. आम्लयुक्त द्रावण आणि ब्लीच कधीही, चुकूनही, एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात किंवा तळघरात तो प्राणावर बेतू शकतो. ज्यांच्याकडे दोन्ही असतील त्यांनी त्या बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवाव्यात.

काम करायची जागाही निवडावी. पंखा बंद करावा, खिडकीतून थेट वारा येत असेल तर ती लावून घ्यावी, माल्ट दळण्याचे काम त्या खोलीत त्या दिवशी करू नये. माल्टच्या कोंड्यावर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मोठ्या संख्येने असतात आणि त्याची धूळ तासन्‌तास तरंगत राहते. शुद्ध ऑक्सिजन वापरताना मात्र खोलीत हवा खेळती हवी. त्याबद्दल पुढे येईलच.

भांडे कोणते

येथे माझे मत ठाम आहे: हवा देण्याची पायरी काचेच्या कार्बॉयमध्ये, म्हणजे अरुंद तोंडाच्या मोठ्या बरणीत, करू नये. रिकामा काचेचा कार्बॉय सहा-सात किलोंचा, त्यात वीस किलो वर्ट, बाहेरून ओला आणि साबणाने निसरडा, आणि तो मांडीवर किंवा फरशीवर आडवा धरून गदागदा हलवायचा, ही कृती अनेक जुन्या मार्गदर्शिकांत आजही सांगितलेली आढळते. अशा ओझ्याखाली काच फुटली तर तुकडे सुरीसारखे लांब असतात आणि हाताच्या शिरा व स्नायुबंध कापले जाण्याइतकी खोल जखम होऊ शकते. मानेला अडकवायची नारिंगी मूठ केवळ रिकामा कार्बॉय उचलण्यासाठी असते. भरलेला कार्बॉय तिने उचलला तर सगळा भार काचेच्या मानेवर येतो. तापमानातल्या अचानक फरकानेही काच तडकते, म्हणून कोमट वर्टही थंड काचेत ओतू नये.

खाद्यपदार्थांसाठी बनवलेली प्लास्टिकची बादली, पेट (पीईटी) प्लास्टिकचा कार्बॉय किंवा स्टीलचा फर्मेंटर (आंबवण्याचे भांडे) यांपैकी काहीही चालेल. बादलीचे माप ६.५ गॅलनच्या पुढे असावे, कारण फेसाला जागा लागते. काचेचाच कार्बॉय असेल आणि तो टाकवत नसेल, तर वर्टला हवा बादलीत द्यावी आणि मग सायफनने तो कार्बॉयमध्ये उतरवावा. कार्बॉय पट्ट्यांच्या झोळीत किंवा दुधाच्या क्रेटमध्ये ठेवलेला असावा आणि भरल्यानंतर तो जागचा हलवू नये.

पहिली पद्धत: ओतणे आणि शिंपडणे

दोन निर्जंतुक बादल्या घ्याव्यात आणि थंड वर्ट एकीतून दुसरीत, अमृततुल्यातला चहावाला चहा वरखाली करतो तसा, चार-सहा वेळा ओतावा. वीस किलोंची बादली मात्र चहाच्या पेल्यासारखी उचलता येत नाही. म्हणून एकट्याने करायचे असेल तर वर्ट दोन भागांत वाटून घ्यावा. एका वेळी आठ-दहा किलोंपेक्षा जास्त वजन खांद्याच्या वर नेऊ नये. दुसरी बादली जमिनीवर, ओल्या फडक्यावर ठेवावी म्हणजे ती सरकत नाही. मधे मोठी निर्जंतुक स्टीलची गाळणी धरली तर धार फुटून तिच्या शेकडो बारीक धारा होतात आणि हॉप्सचा गाळही अडतो.

ज्यांच्या वर्ट उकळण्याच्या भांड्याला तोटी आहे त्यांनी तोटीला लावलेल्या नळीचे टोक बादलीत खाली न सोडता काठाशी उंच धरावे आणि धार भिंतीवर पसरू द्यावी. सर्वांत कमी कष्टाची आणि सर्वांत कमी जोखमीची पद्धत हीच आहे. नुसत्या शिंपडण्याने साधारण ४ पीपीएमपर्यंत मजल जाते, आणि कोरड्या यीस्टला तेवढे भरपूर होते.

दुसरी पद्धत: हलवणे

झाकण घट्ट बसणारी प्लास्टिकची बादली किंवा पेट कार्बॉय असेल तर ही पद्धत फुकट आहे आणि चांगली आहे. एअरलॉकचे (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न घेणाऱ्या पाण्याच्या झडपेचे) भोक निर्जंतुक केलेल्या सबंध बुचाने बंद करावे, कारण एअरलॉक तसाच ठेवला तर त्यातले पाणी वर्टमध्ये ओढले जाते. भांडे उचलू नये. जमिनीवर दुमडलेला टॉवेल किंवा रबराची चटई पसरावी, त्यावर भांडे ठेवून ते एका कडेवर किंचित कलते करावे आणि पुढे-मागे डोलवावे, म्हणजे आतला वर्ट लाटेसारखा आपटत राहतो. कंबरेतून वाकण्याऐवजी गुडघ्यांवर बसून हे काम करावे. दर मिनिटाने थांबून बूच क्षणभर सैल करावे, म्हणजे आत साठलेला थोडा दाब निघून जातो आणि झाकण उडत नाही.

किती वेळ हलवावे? पाच मिनिटे हे प्रचलित उत्तर आहे, पण त्यातून काय मिळते याचे आकडे माणसागणिक बदलतात. प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत पाच मिनिटांच्या हलवण्याने ३ पीपीएमच्या खाली राहिलेला वर्टही आहे आणि ८ पर्यंत पोहोचलेलाही. भांड्यात रिकामी जागा किती, लाट किती जोरात फुटते आणि वर्ट किती गोड आहे यावर ते ठरते. पृष्ठभागावर चार बोटे फेस येऊन तो टिकून राहिला की काम बऱ्यापैकी झाले असे समजावे.

तिसरी पद्धत: ड्रिलवर बसवलेली रवी

वाइनमधला वायू काढण्यासाठी मिळणारी, स्टीलच्या दांड्याला दोन पाती असलेली रवी ड्रिलला लावून वर्ट घुसळता येतो. पाठीला कष्ट नसल्यामुळे ज्यांना हलवणे जमत नाही त्यांना ही पद्धत मी सुचवतो. ड्रिल बॅटरीवरचेच असावे. भिंतीतल्या विजेवर चालणारे ड्रिल उघड्या द्रवाच्या बादलीवर धरू नये. ड्रिलच्या तोंडाशी वंगण असते आणि ते फिरताना खाली ठिबकू शकते, म्हणून रवीच्या दांड्यावर वरच्या बाजूला निर्जंतुक केलेली प्लास्टिकची चकती किंवा झाकणाचा तुकडा अडकवावा. सैल बाह्या, ओढणी, लांब केस बांधून घ्यावेत. रवी बुडवल्यानंतरच ड्रिल सुरू करावे आणि बाहेर काढण्याआधी बंद करावे, आरंभ मंद गतीने करावा, आणि भोवरा पडून हवा आत ओढली जाईल एवढाच वेग ठेवावा. तीन ते पाच मिनिटे पुरतात. काचेच्या भांड्यात हे करू नये हे वेगळे सांगायला नको.

चौथी पद्धत: मत्स्यालयाचा पंप

माशांच्या टाकीला लावतात तो छोटा हवेचा पंप, त्याला नळी, मध्ये ०.२ मायक्रॉनचा जंतुरोधक फिल्टर आणि टोकाला स्टीलचा सच्छिद्र स्टोन (बारीक बुडबुडे सोडणारा तुकडा), अशी ही जोडणी असते. या पद्धतीचा सगळा भरवसा फिल्टरवर आहे, कारण पंप खोलीतली हवा जशीच्या तशी ओढतो. फिल्टर पंप आणि स्टोन यांच्या मध्ये बसवावा आणि तो कोरडा राहिला पाहिजे. ओला झाला तर हवा अडते. म्हणूनच पंप नेहमी वर्टच्या पातळीपेक्षा उंच, टेबलावर किंवा फळीवर ठेवावा. तो खाली ठेवला आणि वीज गेली तर वर्ट सायफनने नळीतून उलटा उतरतो, फिल्टर भिजवतो आणि पंपापर्यंत पोहोचतो. पंपाची तार सॉकेटकडे जाताना मध्ये खाली लोंबेल अशी ठेवावी, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब सॉकेटमध्ये न जाता खालीच पडतो. सॉकेट विजेची गळती होताच वीज तोडणाऱ्या संरक्षणाचे असावे. अमेरिकेतील स्वयंपाकघरांत आणि गॅरेजमध्ये ते बहुधा असतेच, पण जुन्या घरात तपासून घ्यावे.

स्टोन हा या जोडणीतला नाजूक भाग आहे. तो दहा-पंधरा मिनिटे पाण्यात उकळून निर्जंतुक करावा आणि त्यानंतर त्याला बोटे लावू नयेत, कारण त्वचेवरचे तेल सूक्ष्म छिद्रांत बसते. हवेच्या पंपासाठी २ मायक्रॉनचा स्टोन घ्यावा, ०.५ मायक्रॉनच्या छिद्रांतून ढकलण्याइतका जोर छोट्या पंपात नसतो. स्टोन वर्टमध्ये सोडण्यापूर्वी पंप सुरू करावा, म्हणजे छिद्रांत वर्ट शिरत नाही. काम झाल्यावरही चालू पंपासकट तो बाहेर काढावा, गरम पाण्यात काही मिनिटे चालू ठेवावा आणि मग पुन्हा उकळून, वाळवून झाकून ठेवावा.

पंधरा ते तीस मिनिटांत वर्ट हवेच्या मर्यादेजवळ येतो. त्यापलीकडे पंप चालवून ऑक्सिजन वाढत नाही, फेस तेवढा वाढतो. आणि एकदा फुगून कोसळलेल्या फेसातली प्रथिने तयार बिअरच्या फेसाला तितकीशी उपयोगी पडत नाहीत. फेस काठापर्यंत आला की पंप बंद करावा, तो बसू द्यावा आणि मग पुन्हा सुरू करावा.

पाचवी पद्धत: शुद्ध ऑक्सिजन

जड बिअर, थंड आंबवायची लागर आणि द्रव यीस्ट यांच्यासाठी ही पद्धत खरोखर उपयोगी आहे. १.०५० च्या एलसाठी ती चैन आहे.

अमेरिकेत हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगसाठी मिळणारा लाल रंगाचा, एकदाच वापरायचा छोटा सिलिंडर घरी बिअर करणारे वापरतात. त्यात सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे साधारण ३० लिटर ऑक्सिजन असतो. त्याचे आटे उलटे असतात, जेणेकरून प्रोपेनचे साहित्य त्यावर बसू नये. ते बसवण्याची खटपट करू नये आणि त्याच सिलिंडरसाठी बनवलेला रेग्युलेटर घ्यावा. त्यापुढे ०.२ मायक्रॉनचा फिल्टर, नळी आणि ०.५ मायक्रॉनचा स्टोन. स्टोन नुसत्या नळीला लावला तर तो तरंगत वर येतो, म्हणून तो स्टीलच्या लांब पोकळ दांडीवर बसवलेला असल्यास सोपे जाते.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या सान्निध्यात इतर गोष्टी फार वेगाने पेटतात. एरवी निरुपद्रवी वाटणारे तेल किंवा ग्रीस दाबाखालच्या ऑक्सिजनच्या संपर्कात स्वतःहून पेट घेऊ शकते. म्हणून रेग्युलेटरच्या आट्यांना कोणतेही वंगण, स्वयंपाकाचे तेल किंवा व्हॅसलीन लावू नये आणि तेलकट हातांनी तो जोडू नये. वर्ट उकळलेला बर्नर पूर्ण बंद असावा, गॅसच्या शेगडीची किंवा गीझरची सतत जळणारी ज्योत त्याच खोलीत नसावी, सिगारेट आणि उदबत्ती अर्थातच नको. निर्जंतुकीकरणासाठी स्पिरिट फवारून ते पेटवण्याची सवय असेल तर ती या दिवशी बाजूला ठेवावी.

खेळती हवा कशासाठी, हेही आकड्यांतून कळते. मिनिटाला १ लिटर या गतीने एक मिनिट सोडलेला ऑक्सिजन सुमारे १३०० मिलिग्रॅम भरतो. त्यातून वर्ट ९ पीपीएमच्या आसपास जातो, म्हणजे १७० मिलिग्रॅम विरघळतो. उरलेला बराचसा बादलीच्या तोंडाशी आणि वर वाकलेल्या माणसाच्या कपड्यांत जातो. मोठ्या खोलीत तो पटकन विरून जातो, पण काम संपताच लगेच शेगडीपाशी किंवा सिगारेट ओढायला जाऊ नये. कपड्यांत अडकलेला ऑक्सिजन काही मिनिटे राहतो.

कृती अशी करावी. सिलिंडर उभा आणि पडणार नाही असा ठेवावा. रेग्युलेटरची मूठ बंद आहे हे पाहून तो हाताने घट्ट बसवावा. उकळलेला स्टोन वर्टच्या अगदी पृष्ठभागाशी धरून मूठ हळूच उघडावी. बारीक बुडबुडे दिसले की तो तळापर्यंत नेऊन सावकाश फिरवत राहावा. साधा रेग्युलेटर प्रवाह दाखवत नाही, त्यामुळे पुस्तकातले एक मिनिट आणि आपले एक मिनिट सारखे नसते. शक्य असेल तर नळीत प्रवाहमापक बसवावा, आणि नसेल तर बुडबुडे पृष्ठभागावर येऊन नुसते फुटतील, उसळणार नाहीत, इतकाच प्रवाह ठेवावा. मध्यम एलसाठी मिनिटाला १ लिटरने ६० सेकंद, जड बिअर आणि लागरसाठी ९० ते १२० सेकंद. आधी स्टोन बाहेर काढावा, मग मूठ बंद करावी, मग रेग्युलेटर सिलिंडरवरून उतरवावा. तसाच राहू दिला तर महिनाभरात सिलिंडर गळून रिकामा होतो. ठेवताना तो लाकडी बंद कपाटात, गाडीच्या डिकीत किंवा प्रोपेनच्या शेजारी ठेवू नये.

अतिरेक झाला तर यीस्ट गरजेपेक्षा जास्त वाढते आणि बिअरची चव पातळ, भावशून्य होते. त्या यीस्टचे वैशिष्ट्य असलेले फळांचे वास दबतात. बेल्जियन शैलीच्या एलमध्ये हे फार जाणवते.

हवा केव्हा थांबवायची

यीस्ट टाकण्याच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर हवा द्यावी. ती आधी देऊन वर्ट रात्रभर तसाच ठेवणे चुकीचे आहे. १.०८३ च्या पुढच्या बिअरसाठी यीस्ट टाकल्यानंतर १२ ते १८ तासांनी ऑक्सिजनची दुसरी, लहान मात्रा देतात, कारण तोपर्यंत पेशी पहिला साठा वापरून एकदा विभागलेल्या असतात. इतर सर्व बिअरमध्ये आंबणे दिसू लागल्यानंतर भांड्याला हात लावू नये. त्यानंतर मिसळलेला ऑक्सिजन डायअसेटिलचा लोण्यासारखा वास वाढवतो आणि पुढे बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव आणतो. यॉर्कशरमधील काही जुन्या ब्रुअरी दगडी चौकोनी टाक्यांत आंबत असलेली बिअर पंपाने वर घेऊन मुद्दाम फवारतात, कारण त्यांचे यीस्ट फार लवकर गुठळ्या धरून बिअरपासून वेगळे होते; पण ती पद्धत त्या यीस्टची आणि त्या टाक्यांची आहे, आपल्या गॅरेजमधल्या बादलीची नव्हे.

विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र घरगुती वापराला महाग पडते. त्याऐवजी वेळेकडे पाहावे. सुदृढ एल यीस्ट ४ ते १२ तासांत फेस धरू लागते. चोवीस तासांनंतरही हालचाल नसेल तर आधी तापमान तपासावे, मग गुरुत्व मोजावे, कारण झाकणातून वायू निसटत असेल तर एअरलॉक शांत असूनही आंबणे चालू असू शकते. गुरुत्व मुळीच उतरलेले नसेल तर ताजे यीस्ट टाकून पुन्हा हलकी हवा देण्यास हरकत नाही.

आंबणे मध्येच थांबले असेल, उदाहरणार्थ १.०१२ अपेक्षित असताना काटा १.०२२ वर अडकला असेल, तर मात्र हवा देऊ नये. भांडे दोन-तीन अंश उबदार जागी न्यावे, झाकण न उघडता ते हळूच गोल फिरवून तळाचे यीस्ट वर आणावे, आणि तीन-चार दिवसांत फरक पडला नाही तर वेगळ्या लहान वर्टमध्ये जोमात आणलेले यीस्ट त्यात घालावे. अशी बिअर घाईने बाटल्यांत भरणे सर्वांत धोकादायक आहे, कारण उरलेली साखर बाटलीत आंबू लागली की दाब वाढून काच फुटते. गुरुत्व सलग तीन दिवस एकाच आकड्यावर आहे आणि तो आकडा अपेक्षेच्या जवळ आहे, हे पाहिल्याशिवाय बाटल्या काढू नयेत. आणि संशय असूनही भरल्याच असतील तर त्या झाकणाच्या जाड खोक्यात, माणसांच्या वावरापासून दूर ठेवाव्यात, हातमोजे व चष्मा घालून थंड कराव्यात आणि थंड असतानाच एकेक करून उघडाव्यात.